गंधशास्त्राचे ग्रंथ आणि एक विस्मृत मराठी टीका

सुगंधी द्रव्ये, त्यांची तेले आणि अंगप्रसाधने ह्यांचा इतिहास ज्यास वाचावयाचा आहे, त्याने कोणते ग्रंथ हाती घ्यावेत? प्रश्न वरवर पाहता हौशी वाचकाचा वाटतो. परंतु वैद्यक, रसायन, व्यापार, राजनीती, देवपूजा आणि भाषा इतक्या विषयांना तो एकाच वेळी स्पर्श करतो. दिवाळीच्या पहाटे अंगास लावावयाचे उटणे, देवपूजेतील अष्टगंध, वारकऱ्याच्या कपाळावरील बुक्का, लग्नसमारंभात पाहुण्यांच्या हातास लावावयाचे अत्तर आणि त्यांच्यावर शिंपडावयाचे गुलाबपाणी ह्या गोष्टी आपल्या घरांतून अद्याप नाहीशा झालेल्या नाहीत. पण ह्या सर्वांमागे एक स्वतंत्र शास्त्र उभे होते, त्यास गंधयुक्ती किंवा गंधशास्त्र असे नाव होते, आणि त्या शास्त्रातील एका ग्रंथावर मराठीत टीका लिहिली गेली होती, हे मराठीच्या अध्यापकांसही फारसे परिचित नाही. प्रस्तुत लेखात ह्या विषयावरील प्रमुख ग्रंथांचा क्रमाने परिचय करून देऊन शेवटी त्या मराठी टीकेकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असा आमचा हेतू आहे.

आरंभी इंग्रजी ग्रंथांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. कारण ग्रंथालयात ह्या विषयाची चौकशी करणाऱ्याच्या हाती बहुधा तेच प्रथम पडतात. सेप्टिमस पीस ह्याचा ‘द आर्ट ऑफ पर्फ्यूमरी’ हा ग्रंथ १८५५ साली निघाला. निरनिराळ्या गंधांची मांडणी संगीतातील स्वरांप्रमाणे करता येईल ही त्याची कल्पना पुढे फार गाजली. १८६५ चा यूजीन रिमेल ह्याचा ‘द बुक ऑफ पर्फ्यूम्स’ हा लंडनमधील एका गंधविक्रेत्याने लिहिलेला इतिहास असून तो आजही रंजक वाटतो. विसाव्या शतकात अर्नेस्ट गुंथर ह्यांनी ‘द इसेन्शियल ऑइल्स’ हा सहा खंडांचा ग्रंथ १९४८ ते १९५२ ह्या काळात सिद्ध केला. कोणत्या वनस्पतीच्या कोणत्या अंगातून कोणते तेल कसे निघते, त्यातील घटक कोणते, हे जाणून घेण्यास त्याच्यासारखे दुसरे साधन क्वचितच सापडेल. तथापि ह्या ग्रंथांतून भारताचे जे दर्शन घडते ते मुख्यतः माल पुरविणाऱ्या देशाचे. चंदन, वाळा, मोगरा आणि केवडा येथून येतात एवढे त्यांतून समजते. ह्या द्रव्यांविषयी येथील लोकांनी काय विचार केला, तो कोणत्या परिभाषेत मांडला, हे समजत नाही. त्यासाठी आपल्याच ग्रंथांकडे वळावे लागते.

कौटिलीय अर्थशास्त्रात राजाच्या कोशात घ्यावयाच्या मौल्यवान वस्तूंची परीक्षा सांगताना चंदन व अगुरू ह्यांचे प्रकार, त्यांची उत्पत्तिस्थाने आणि त्यांचे रंग-गंध नोंदलेले आहेत. म्हणजे सुगंध हा त्या काळी विलासाचा विषय होता, तसाच राज्याच्या हिशेबाचाही होता. कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत गंधयुक्तीस स्थान आहे. परंतु ह्या कलेचे शास्त्रीय विवेचन प्रथम सविस्तर भेटते ते सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत. वराहमिहिर अवंतीचा, म्हणून माळव्यात राहणाऱ्या मराठी वाचकास तर तो शेजारचाच म्हणावयास हवा.

बृहत्संहितेतील ‘गंधयुक्ती’ ह्या अध्यायाचा आरंभ मोठा व्यवहारी आहे. डोक्याचे केस पांढरे झालेल्या मनुष्यास माळा, गंध आणि अलंकार शोभत नाहीत, तेव्हा आधी केसांची व्यवस्था पाहावी, असे सांगून ग्रंथकार लोखंडाच्या चूर्णाचा उपयोग करून केश काळे करण्याची कृती देतो. त्यानंतर स्नानाची चूर्णे, सुगंधी तेले, धूप आणि मुखवास येतात. त्यांतील चाफ्याच्या वासाच्या तेलाची कृती विशेष विचार करण्याजोगी आहे. मंजिष्ठ, व्याघ्रनख, दालचिनी, कोष्ठ इत्यादींचे चूर्ण तिळाच्या तेलात घालून ते उन्हात तापवावयाचे, म्हणजे तेलास चाफ्याचा गंध येतो. ह्या कृतीत चाफ्याचे फूल मात्र कोठेच नाही. एका द्रव्याचा गंध इतर द्रव्यांच्या मेळातून उभा करणे हे आजच्या गंधकाराचे मुख्य कौशल्य समजले जाते. ते कौशल्य सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी ह्या देशात ज्ञात होते, एवढेच नव्हे, तर श्लोकबद्ध करून शिकविले जात होते.

गणिताच्या अध्यापकांनीही हा अध्याय अवश्य पाहावा. सोळा सुगंधी द्रव्यांतून कोणतीही चार निवडावयाची असतील तर ती १,८२० प्रकारांनी निवडता येतात, हे वराहमिहिराने स्पष्ट सांगितले आहे. निवडलेली चार द्रव्ये एक, दोन, तीन व चार भाग अशा प्रमाणांत घ्यावयाची. प्रत्येक चौकडीचे तो ९६ भेद मानतो आणि एकूण गंधांची संख्या १,७४,७२० देतो. केवळ प्रमाणाचाच भेद धरला तर आजच्या रीतीने प्रत्येक चौकडीचे २४ भेद आणि एकूण ४३,६८० गंध होतात. हा फरक कशामुळे पडतो, हे विद्यार्थ्यांकडून शोधून घेण्यासारखे आहे. ह्याच अध्यायात सोळा द्रव्ये चार-चारच्या चौकोनात मांडून त्यांचे भाग असे दिले आहेत की, पहिल्या ओळीत २, ३, ५, ८. दुसरीत ५, ८, २, ३. तिसरीत ४, १, ७, ६. आणि चौथीत ७, ६, ४, १. आडव्या, उभ्या अथवा तिरप्या कोणत्याही ओळीची बेरीज १८ च येते. ह्या मांडणीस ‘सर्वतोभद्र’ म्हटले आहे. गणिताच्या इतिहासात हा चौकोन आता प्रसिद्ध आहे. पण तो जन्मास आला तो गंध मिसळण्याच्या गरजेतून, ही गोष्ट विसरली जाते. हा अध्याय भट्टोत्पलाच्या दहाव्या शतकातील टीकेसह वाचावा. त्या टीकेवाचून त्यातील पुष्कळ शब्द बंद पेटीसारखे राहतात.

वराहमिहिरानंतर आम्ही वाचकांस मानसोल्लास वाचावयास सांगू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६ ते ११३८) ह्याचा हा कोशवजा ग्रंथ होय. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. ह्या ग्रंथाच्या संगीतविषयक भागात मराठी पद्यपंक्ती आलेल्या असल्यामुळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी त्याचा उल्लेख वारंवार केला आहे. परंतु त्याच ग्रंथात स्नान, तांबूल, विलेपन आणि धूप ह्या राजभोगांची जी प्रकरणे आहेत, तिकडे मात्र त्यांची दृष्टी सहसा गेली नाही. राजाच्या स्नानगृहात काय काय सिद्ध असे हे त्यांतून इतके तपशीलवार कळते की, बाराव्या शतकातील दख्खनच्या राजगृहाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकर ह्यांनी संपादून १९२५, १९३९ व १९६१ ह्या साली तीन भागांत प्रसिद्ध झाला. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९१६ साली सुरू झालेल्या ह्या ग्रंथमालेचा उल्लेख पुढेही यावयाचा आहे.

ह्यापुढील काळाचा अभ्यास केवळ संस्कृत ग्रंथांवर होऊ शकत नाही. अत्तर, अरगजा, अबीर, गुलाब हे आपल्या नित्याच्या बोलण्यातील शब्दच हे सांगतात. माळव्याचा सुलतान गियासशाह (१४६९ ते १५००) ह्याच्या मांडूच्या दरबारातील ‘निमतनामा’ हे सचित्र हस्तलिखित पाककृतींसाठी प्रसिद्ध असले, तरी त्यात सुगंधी लेप, तेले व धूप ह्यांच्या कृतीही आहेत. नोरा टिटली ह्यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर २००५ साली निघाले. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या काळात ‘इत्र-ई-नवरसशाही’ हा फारसी ग्रंथ गंधावरच लिहिला गेला. अबुल फजलच्या आईन-ई-अकबरीतील सुगंधावरचे प्रकरण तर इतिहासाच्या अध्यापकांनी वर्गात वाचून दाखविण्यासारखे आहे. कारण त्यात मिश्रणांच्या कृतींबरोबर कापूर, कस्तुरी, अंबर, चंदन इत्यादी द्रव्यांचे भाव दिलेले आहेत. कविकल्पनेतील सुगंधाची किंमत तेथे नाण्यांत मोजलेली दिसते.

गोमंतकातील वाचकांस आणखी एका ग्रंथाची आठवण करून देणे आम्हांस अवश्य वाटते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता ह्याचा औषधिद्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. कापूर, चंदन, अगुरू, ऊद, अंबर ह्या द्रव्यांची उत्पत्ती, त्यांतील भेसळ, त्यांची बाजारातील नावे ह्यांविषयी तो प्रत्यक्ष चौकशी करून लिहितो, आणि युरोपातील जुन्या आचार्यांचे मत येथील व्यापाऱ्यांच्या अनुभवाशी जुळत नसेल तर अनुभवाच्या बाजूने उभा राहतो. मार्कम ह्यांनी केलेल्या १९१३ च्या इंग्रजी भाषांतरामुळे तो आपल्या आटोक्यात आहे.

येथे एका गैरसमजाविषयी सावध करावयास हवे. आज ‘सुगंधी तेल’ म्हटले की, वाफेच्या साहाय्याने गाळून काढलेला अर्क आपल्या मनात येतो. कनोज येथे अद्यापही देग आणि भपका ह्यांच्या साहाय्याने अत्तर काढतात. तांब्याच्या देगेत फुले व पाणी घालून तिचे तोंड मातीने लिंपतात, खालून जाळ करतात आणि पोकळ नळीतून येणारी सुगंधी वाफ भपक्यातील चंदनाच्या तेलात मुरवितात. गुलाबाच्या अत्तराविषयी जहांगीर आपल्या आत्मचरित्रात लिहितो की, नूरजहानची आई अस्मत बेगम हिने गुलाबपाणी करताना पाण्यावर आलेला तेलकट तवंग गोळा केला आणि त्यातून हे अत्तर सिद्ध झाले. ही हकीकत गुलाबाच्या तेलापुरती आहे. सुगंधाची विद्याच तेव्हा सुरू झाली असा तिचा अर्थ करणे चुकीचे होय. उलट, जुन्या संस्कृत ग्रंथांतील प्रत्येक ‘तैल’ हे गाळलेले अत्तरच असले पाहिजे, असे समजणेही तितकेच चुकीचे. जुन्या गंधशास्त्राचा मुख्य आधार तिळाचे तेल, चूर्ण, लेप आणि धूर हा होता. फुलांच्या थरांत तीळ ठेवून त्यांत वास मुरवावा आणि मग ते घाण्यात घालून तेल काढावे, ही फुलेलाची रीत त्याच परंपरेतील आहे.

ह्या परंपरेतील संपूर्ण आणि स्वतंत्र असे ग्रंथ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अभ्यासकांस जवळजवळ अज्ञात होते. ते उजेडात आणण्याचे श्रेय परशुराम कृष्ण गोडे ह्यांचे. १८९१ साली देवरूख येथे जन्मलेले गोडे १९१९ पासून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात हस्तलिखितांचे रक्षक होते. १९६१ साली ते निवर्तले. रक्षक ह्या शब्दाचा त्यांनी केलेला अर्थ मोठा होता. हस्तलिखिते नुसती सांभाळावयाची नव्हेत, तर त्यांतील एकेका वस्तूचा, शब्दाचा आणि चालीरीतीचा काळ ठरवावयाचा, असे व्रत त्यांनी घेतले होते. त्यांच्या अनेक लेखांच्या शीर्षकांतच ‘अमुक सालापासून तमुक सालापर्यंत’ अशी कालमर्यादा असते. रड्डी-संग्रहातील हस्तलिखितात त्यांस दोन ग्रंथ आढळले: एक गंगाधर नामक लेखकाचा ‘गंधसार’, आणि दुसरा कर्त्याचे नाव नसलेला ‘गंधवाद’. ह्या दुसऱ्या ग्रंथावरील टीका मराठीत आहे. १९४५ च्या सुमारास गोडे ह्यांनी दोन्ही ग्रंथांवर इंग्रजीत विस्तृत लेख लिहिले. गंधवाद व त्याची टीका ह्यांचा काळ त्यांनी १३५० ते १५५० ह्यांच्या दरम्यान धरला. त्यांचे ह्या विषयावरील लेख ‘स्टडीज इन इंडियन कल्चरल हिस्टरी’ ह्या संग्रहाच्या पहिल्या खंडात एकत्र मिळतात. मूळ ग्रंथ मात्र छापून निघण्यास १९८९ साल उजाडले. आर. टी. व्यास ह्यांनी संपादिलेली ती आवृत्ती बडोद्याच्या त्याच प्राच्य ग्रंथमालेत १७३ व्या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. गोडे ह्यांच्या लेखांनंतर चव्वेचाळीस वर्षांनी एका मराठी टीकेस छापखाना दिसला, आणि तोही महाराष्ट्राबाहेर.

गंधसाराचे तीन भाग आहेत. पहिल्यात परिभाषा आणि प्रक्रिया, दुसऱ्यात निरनिराळ्या सुगंधी पदार्थांच्या कृती, आणि तिसऱ्यात द्रव्यांची नावे व परीक्षा. गंगाधराने सांगितलेले सहा संस्कार ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. भावन म्हणजे चूर्णास सुगंधी द्रवाचे पुट देणे. पाचन म्हणजे त्यास बेताचा अग्नी देऊन शिजविणे. बोध व वेध म्हणजे कस्तुरी-कापरासारख्या तीव्र द्रव्यांच्या योगाने मिश्रणातील गंध जागा करणे व तो भिनविणे. धूपन म्हणजे सुगंधी धुराने संस्कारणे. आणि वासन म्हणजे फुलांच्या सहवासाने वास लावणे. अग्निपुराणात ह्याच कर्मांची आठ अंगे सांगितली आहेत. संख्या बदलली तरी विचार एकच आहे: कच्च्या द्रव्यास शुद्ध करावे, त्यास मुरवावे, आणि मग त्याचा गंध प्रकट करावा.

आता गंधवादावरील मराठी टीकेचे महत्त्व पाहू. संस्कृत श्लोकांचा अर्थ मराठीत सांगावयाचा, तो कोणासाठी? संस्कृत पंडितास त्याची आवश्यकता नव्हती. ज्याच्या हातात खल, तराजू आणि निखारे आहेत, पण संस्कृताचे व्याकरण नाही, अशा मनुष्यासाठीच ती लिहिली गेली असावी, असे अनुमान करण्यास आम्हांस हरकत दिसत नाही. गोडे ह्यांनी धरलेली कालमर्यादा मान्य केली तर ही टीका महानुभावांच्या आद्य गद्यानंतरची आणि बहुतांशी एकनाथांच्या (१५३३ ते १५९९) पूर्वीची ठरते. मराठी गद्याच्या इतिहासात आपण लीळाचरित्रावरून बखरींकडे येतो, आणि मधल्या काळात गद्य थोडे असल्याची खंत करतो. श्रीपतीच्या नावावरील ज्योतिषरत्नमालेची मराठी टीका भाषेच्या प्राचीनतेच्या वादात तरी चर्चिली गेली. गंधवादाच्या टीकेस तेवढेही भाग्य लाभले नाही. भक्ती, चरित्र आणि राजकारण ह्यांपलीकडे एखाद्या व्यवसायाचे ज्ञान मराठीत नेमकेपणाने सांगता येते, हे त्या काळी कोणा अज्ञात टीकाकाराने करून दाखविले होते.

२०२४ साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने मराठीच्या प्राचीनतेविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले. भाषेचे वय जितके महत्त्वाचे तितकेच तिने कोणकोणती कामे केली हेही महत्त्वाचे, असे आम्हांस वाटते. पारिभाषिक शब्द मराठीस नव्याने घडवावे लागतात, तिची घडण मुळी शास्त्रास अनुकूल नाही, असे म्हणणाऱ्यांस उत्तर द्यावयाचे असेल, तर अशा टीका वाचल्या गेल्या पाहिजेत. त्या वाचल्यावाचून केलेला अभिमान पोकळ, आणि न वाचता केलेली निंदाही पोकळच.

अलीकडील ग्रंथांपैकी दोन विशेष शिफारशीस पात्र आहेत. अली अकबर हुसेन ह्यांचा ‘सेंट इन द इस्लामिक गार्डन’ (२०००) हा ग्रंथ दख्खनी उर्दू वाङ्मयातील उद्याने व सुगंध ह्यांवर आहे; हैदराबाद आणि सीमाभागातील वाचकांस तो आपल्याच परिसराचा वाटेल. जेम्स मॅकह्यू ह्यांच्या ‘सँडलवुड अँड कॅरियन’ (२०१२) ह्या ग्रंथात भारतीय धर्म व संस्कृती ह्यांतील गंधविचाराचे समग्र विवेचन असून गंधसार, बृहत्संहिता इत्यादी ग्रंथांचा त्यात बारकाईने उपयोग केला आहे. गोडे ह्यांनी जो मार्ग पाडला तो पुढे किती लांब गेला हे त्यावरून समजते. मात्र तो मार्ग इंग्रजीतूनच पुढे गेला, ही आपणास विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

ह्या ग्रंथांच्या वाचनातील सर्वांत मोठी अडचण द्रव्यांच्या ओळखीची आहे. ‘नख’ म्हणजे काय, हे कोशात पाहून भागत नाही. ते समुद्रातील शंखजातीच्या प्राण्याच्या मुखावरील झाकण असून धूपात पडते, हे ज्याने वस्तू पाहिली आहे त्यास एका क्षणात समजते. तुरुष्क म्हणजे शिलारस, उशीर म्हणजे वाळा, मुस्ता म्हणजे नागरमोथा, कर्चूर म्हणजे कचोरा, आणि उद्वर्तन म्हणजे आपले उटणे. संस्कृत शब्द पुस्तकात राहिले आणि त्यांची मराठी भावंडे काष्ठौषधांच्या दुकानांत राहिली. ती दुकाने आता कमी होत चालली आहेत. उटणेही बहुधा तयार पाकिटातूनच येते. त्यातील गव्हला कोणता आणि कचोरा कोणता हे सांगणारी माणसे आहेत तोवरच ह्या जुन्या टीकेचा अर्थ पुरता लागण्याची आशा आहे.

म्हणून साहित्यसंस्थांच्या सभासदांस व शिक्षकांस आमची दोन कामांविषयी सूचना आहे. पहिले काम असे की, गंधवादाची मराठी टीका भाषेच्या दृष्टीने, शब्दसूची आणि सुबोध टिपणांसह, मराठी वाचकांसाठी स्वतंत्रपणे सिद्ध व्हावी. बडोद्याची आवृत्ती त्यास पाया म्हणून उपलब्ध आहेच. दुसरे काम त्याहून सोपे, पण अधिक निकडीचे आहे. गोवा, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद ह्या ठिकाणच्या अत्तरांच्या व काष्ठौषधांच्या बाजारांत अनेक भाषांची नावे शेजारी शेजारी नांदतात. एकाच द्रव्यास मराठीत, कोंकणीत, कानडीत, गुजरातीत, हिंदीत आणि उर्दूत काय म्हणतात हे तेथील दुकानदार सहज सांगू शकतात. ही नावे वस्तू पाहून, नमुना जपून आणि सांगणाऱ्याच्या तोंडचा उच्चार जसाच्या तसा लिहून गोळा करावीत. महाराष्ट्राच्या मध्यभागी बसून हे काम होण्यासारखे नाही. ते सीमेवर आणि सीमेपलीकडे राहणाऱ्या आपल्यासारख्यांकडूनच होऊ शकते. वर्गातील विद्यार्थ्यांस दिवाळीच्या सुट्टीत घरच्या उटण्यातील दहा द्रव्यांची नावे विचारून आणावयास सांगितले, तरी ह्या कामाचा आरंभ होईल.